आधी तेल, मग बटन

वाचकांचे प्रश्न, नानांची उत्तरं

मागच्या अंकात मी थंडीतल्या एका पहाटे बंद पडलेलं डिझेल इंजिन चालू केल्याची आठवण चार ओळींत लिहिली होती. त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं जमणार नाही, म्हणून यावेळचं सगळं सदर इंजिनांनाच देऊन टाकलं. माझी रेल्वेतली जवळपास सगळी नोकरी डिझेलवर गेली, आधी शेडमध्ये हात काळे केले, नंतर रनिंगला म्हणजे इंजिन चालवायला आलो. त्यामुळे जे लिहितोय ते हाताने केलेलं आणि कानाने ऐकलेलं आहे.

नाना, आमची एसटी बंद पडली की सगळे खाली उतरून धक्का मारतात आणि गाडी चालू होते. मग रेल्वेचं इंजिन बंद पडलं तर दुसऱ्या इंजिनाने ढकलून चालू का करत नाहीत?
— नववीतला विद्यार्थी, अमळनेर

बाळा, प्रश्न एकदम बरोबर जागी विचारलास. एसटीत इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये गिअरबॉक्स आहे, शाफ्ट आहे, म्हणजे लोखंडाला लोखंड जोडलेलं आहे. गिअर टाकून चाक फिरवलं की इंजिन फिरतंच. आपल्याकडच्या मेन लाईनच्या डिझेल इंजिनात तसं काही नसतं. त्यात डिझेलचं इंजिन फक्त जनरेटर फिरवतं, जनरेटर वीज तयार करतो, ती वीज केबलमधून खाली चाकांच्या धुऱ्यांवर बसवलेल्या सहा मोटरींना जाते, आणि त्या मोटरी चाकं फिरवतात. म्हणजे डिझेल इंजिन हे खरं तर चाकांवरचं छोटं वीजघरच आहे, आपल्या दीपनगरच्या मोठ्या वीजघराचा धाकटा भाऊ म्हण. इंजिन आणि चाक यांच्यामध्ये फक्त तांब्याची केबल आहे, आणि केबलने कोणी कोणाला ढकलत नाही. तू बंद इंजिन मागून भुसावळपासून जळगावपर्यंत ढकलत नेलंस तरी वरचा क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरणारा दांडा, एक बोटभरसुद्धा हलणार नाही.

आता तू हुशार असशील तर पुढचं विचारशील, की चाकं फिरली तर मोटरीसुद्धा फिरतील ना, मग त्याच वीज तयार करून वर पाठवतील का? उतारावर डायनॅमिक ब्रेक लावतात तेव्हा मोटरी खरंच जनरेटरसारख्या वागतात, पण ती वीज मोठ्या जाळ्यांमध्ये म्हणजे ग्रिडमध्ये उष्णता करून उडवून देतात, इंजिन फिरवायला ती परत जात नाही, तशी वायरिंगच नाही. म्हणून चालू करायचं तर बॅटरीच लागते.

डिझेल इंजिन चालू करताना नेमकं काय काय करतात? व्हिडिओत बघितलं तर नुसतं बटन दाबतात, मोठा धूर येतो आणि झालं. खरंच इतकं सोपं असतं का?
— आयटीआय डिझेल मेकॅनिकचा विद्यार्थी, धुळे

दादा, व्हिडिओवाल्याने शेवटचं अर्धं मिनिट दाखवलं, त्याच्या आधीचा अर्धा तास कापून टाकला. मी तुला तो अर्धा तास सांगतो. इथे मी जुन्या अल्कोचं म्हणजे डब्ल्यूडीएम-२ जातीच्या इंजिनाचं सांगतोय, कारण माझे हात त्याच्यावर बसले. १६ सिलिंडर, २६०० हॉर्सपॉवर, वजन ११२ टनांच्या वर. एकेका सिलिंडरची जागा साधारण ११ लिटरची, तुझ्या मोटरसायकलच्या अख्ख्या पेट्रोलच्या टाकीएवढी. असं १६ वेळा. एवढं लोखंड गार पडलेलं असताना जागं करायचंय.

सुरुवात जमिनीवरून. आधी लोकोच्या भोवती एक पूर्ण फेरी. हँडब्रेक लागलाय का, चाकाखाली लाकडी गुटके आहेत का, खाली कुठे तेल किंवा पाणी ठिबकतंय का, टाकीच्या गेजवर डिझेल किती आहे. मग वर चढून इंजिन रूमचे दरवाजे उघडायचे आणि ल्यूब ऑइलची डिपस्टिक ओढायची. ही पायरी मी कधी घाईत केली नाही. डिपस्टिक कॉटन वेस्टने पुसायची, परत पूर्ण आत घालायची, मग बाहेर काढून बघायची, आणि नुसती लेव्हल बघून ठेवून द्यायची नाही, ते तेल बोटांत चोळायचं, नाकाजवळ न्यायचं. तेल काळं असणारच, त्यात काही नाही. पण ते दुधाळ, चहासारखं दिसलं तर समजायचं आत पाणी मिसळतंय. पातळ लागलं आणि डिझेलचा वास आला तर इंजेक्टर किंवा पाईप कुठेतरी गळतोय. दोन्हीत इंजिन चालू करायचं नाही, कितीही फोन आले तरी. शेडमध्ये एक म्हातारे खलाशी म्हणजे मदतनीस होते, शिरपूरकडचे, ते नव्या पोरांना एकच वाक्य सांगायचे, "भाऊ, पहिले तेल देख, मंग बटन दाब." मी नोकरीभर तेच केलं.

मग पाण्याच्या टाकीची काच, इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरच्या तेलाची काच, कॉम्प्रेसरचं तेल. वेग फार वाढला तर इंजिन बंद करणारी ओव्हरस्पीड ट्रिप सेट आहे का. सिलिंडरला किती डिझेल जायचं ते ठरवणारा फ्युएल रॅक हाताने हलवून बघायचा, मोकळा हलला पाहिजे. तो अडकून बसला असेल तर इंजिन एकतर चालूच होणार नाही, नाहीतर चालू होऊन हाताबाहेर पळेल, आणि दुसरं पहिल्यापेक्षा वाईट.

आता तू आयटीआयचा आहेस म्हणून एक गोष्ट जरा जास्त सांगतो, नीट लक्षात ठेव. इंजिन बराच वेळ बंद उभं असेल तर एखाद्या सिलिंडरमध्ये पाणी उतरलेलं असू शकतं, लायनरला किंवा हेडला बारीक तडा असेल, इंजिनाला हवा कोंबणाऱ्या टर्बोच्या जॅकेटमधून पाझरलं असेल. हवा दाबली की दबते, पाणी दबत नाही. पिस्टन वर येताना त्याला पाणी आडवं आलं तर पिस्टन थांबतो पण बाकीचे १५ त्याला ढकलत राहतात, मग कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा हेड फुटतं. म्हणून आधी सिलिंडरचे टेस्ट कॉक म्हणजे बारीक तोट्या उघडायच्या आणि बारिंग करायचं, म्हणजे लांब दांड्याने क्रँकशाफ्ट हाताने हळूहळू पूर्ण फिरवून घ्यायचा. कुठल्या कॉकमधून नुसती हवा फुसकते आणि कुठून पाण्याचे थेंब येतात ते बघायचं. एका पावसाळ्यात सातव्या सिलिंडरच्या कॉकमधून पाण्याची बारीक पिचकारी माझ्या शर्टावर आली होती. त्या दिवशी ते इंजिन चालू केलं नाही, आणि हेड उघडल्यावर तडा हाताला लागला. बटन आधी दाबलं असतं तर अख्खं पॉवर असेंब्ली, म्हणजे पिस्टन, लायनर, हेड असा सगळा संच, बदलावं लागलं असतं.

सगळं ठीक निघालं की कॉक बंद करून बॅटरीचा नाईफ स्विच टाकायचा. आठ डबे, प्रत्येकी चार सेल, म्हणजे सगळे मिळून ६४ व्होल्ट. मग ब्रेकर एकेक करून वर. फ्युएल पंपाचा ब्रेकर टाकला की आतून बारीक घूंऽऽ असा आवाज सुरू होतो, ती पहिली जाग. फ्युएलच्या गेजचा काटा चढून चार किलोच्या, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला चार किलो दाबाच्या, आसपास थांबला पाहिजे. क्रँककेस एक्झॉस्टर चालू झाला का ते बघायचं, तो आतली तेलाची वाफ ओढून काढतो, वाफ साठली तर स्फोटाचा धोका. थ्रॉटल आयडलला म्हणजे सगळ्यात मंद चालीवर, पुढे-मागे ठरवणारा रिव्हर्सर न्यूट्रलला, जनरेटर फील्डचा स्विच बंद. असिस्टंटला हाक मारून खात्री करायची की इंजिन रूममध्ये कोणी नाही, कोणाचा हात कुठे नाही.

आणि मग बटन.

बटन दाबलं की मेन जनरेटरच उलटा वागतो, बॅटरीची वीज घेऊन मोटरसारखा फिरतो आणि क्रँकशाफ्टला फिरवतो. पहिले एक-दोन फेरे जड जातात, हुंऽऽ…हुंऽऽ…हुंऽऽ असं, केबिनमधले दिवे मंद होतात. डिझेलला स्पार्क प्लग नसतो, हवा एवढी दाबली जाते की तिच्याच उष्णतेने डिझेल पेटतं, म्हणून फिरण्याला वेग पाहिजे, हळू फिरलं तर हवा तापतच नाही. मग एक सिलिंडर पेटतो, धप्प. मग दुसरा. मग तीन-चार एकदम, पायाखालची फ्लोअर प्लेट थरथरते आणि वरून पांढुरका-काळा धुराचा लोट निघतो. इथेच नवीन माणूस चुकतो, इंजिन पेटलं म्हणून आनंदाने बटन सोडतो. सोडायचं नाही. या इंजिनाचा तेलाचा पंप इंजिनच फिरवतं, म्हणजे इंजिन फिरल्याशिवाय तेल वर चढत नाही. ल्यूब ऑइलच्या गेजचा काटा उठून साधारण दीड किलोच्या आसपास येईपर्यंत बटन दाबूनच ठेवायचं, नाहीतर ऑइल प्रेशरचा स्विच इंजिन परत बंद करून टाकतो. आणि बरोबरच करतो, बिनतेलाची बेअरिंग काही सेकंदांत जळते. पण अर्ध्या मिनिटाच्या वरही धरून बसायचं नाही, बॅटरीचा जीव जातो.

काटा उठला, बटन सोडलं, इंजिन ४०० आरपीएमला स्थिर झालं. तरी काम संपलं नाही. परत आत जाऊन एक फेरी, आता कानाने. कुठे टकटक आहे का, कुठे फुसफुस आहे का, गेज बरोबर दाखवतायत का. ऑक्झिलरी जनरेटर ७२ व्होल्ट देतोय आणि बॅटरी परत भरतेय का. कॉम्प्रेसर हवा भरतोय, मेन रिझर्वायरमध्ये आठ ते दहा किलो, ब्रेक पाईपमध्ये पाच किलो. पाणी कोमट होईपर्यंत वरचा नॉच, म्हणजे थ्रॉटलची वरची पायरी, द्यायचा नाही. आपण थंडीत उठल्या उठल्या धावायला लागत नाही, तसंच.

तुम्ही लिहिलेल्या त्या पहाटेच्या इंजिनाचं पुढे काय झालं ते अर्धवट राहिलं. काय बिघडलं होतं?
— एक वाचक, यावल

आठवण करून दिलीत ते बरं केलं. जानेवारी महिना, ब्रँच लाईनचं एक छोटं स्टेशन, नाव नको. रात्री इंजिन बंद करून ठेवलं होतं, पहाटे चारला चालू करायला गेलो तर नुसता कण्हल्यासारखा आवाज, अर्धा फेरा आणि बस्स. दुसऱ्यांदा केलं, तेच. तिसऱ्यांदा दिवेच विझायला आले. तीन वेळा झाल्यावर मी थांबलो, कारण त्यानंतर बटन दाबणं म्हणजे बॅटरी मारणं. असिस्टंटचं म्हणणं बॅटरीच गेली, कंट्रोलला कळवून दुसरी पॉवर म्हणजे दुसरं इंजिन मागवू. पण हायड्रोमीटर (सेलमधल्या ॲसिडची घनता मोजायची नळी) लावला तर सेल इतके वाईट नव्हते. मग टॉर्च घेऊन बॅटरीच्या पेटीत डोकं घातलं आणि एकेका जोडाला हात लावत गेलो. पाचव्या आणि सहाव्या डब्याच्या मधली पट्टी गरम लागली, बाकी सगळं थंडगार आणि ती एकटी गरम. जिथे वीज अडकते तिथे उष्णता होते, हे तर शाळेतलंच. पट्टी खोलली तर खाली पांढरट-हिरवट क्षार जमलेला. खिशात काचपेपर असायचाच, पट्टी आणि टर्मिनल दोन्ही चकचकीत होईपर्यंत घासले, नट आवळला, वरून व्हॅसलिन लावलं. मग बॅटरीला वीस मिनिटं विश्रांती दिली. चौथ्यांदा बटन दाबलं आणि इंजिनाने एकदाच दम भरला आणि पेटलं. समोरच्या चहावाल्याने दुकानातून टाळी वाजवली, तो तासभर आमच्याकडेच बघत होता.

मी चाळीस वर्षांपूर्वी नंदुरबारला नोकरीला आले, क्वार्टर रेल्वेजवळ होतं. तेव्हा यार्डात इंजिनं तासन् तास उभी असायची पण चालूच ठेवलेली. रात्रभर तो आवाज. एवढं डिझेल का जाळायचे, बंद का करत नव्हते?
— निवृत्त शिक्षिका, नंदुरबार

बाई, तुमची तक्रार खरी आहे, आणि डिझेल वाया जायचं हेही खरं. उभ्या अल्कोला तासाला साधारण २५ लिटरच्या आसपास डिझेल लागायचं. पण बंद न करण्यामागे आळस नव्हता. एक कारण वर आलंच, परत चालू होईल याची खात्री नसायची, बॅटरी जुनी असली तर नाहीच. सुरत-जळगावच्या तापी लाईनवर मधल्या स्टेशनात इंजिन बंद पडून चालू झालं नाही तर सगळी सिंगल लाईन अडकायची, मागे गाड्यांची रांग. दुसरं कारण ब्रेकचं. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद, मग डब्यांमधली हवा हळूहळू गळते, निघायच्या वेळी सगळी परत भरत बसा. तिसरं इंजिनाच्या तब्येतीचं. गरम-गार, गरम-गार असं वारंवार झालं की लोखंड प्रसरण-आकुंचन पावतं, जॉइंट सैल होतात, पाणी गळायला लागतं. नंतर काही इंजिनांत एपीयू नावाचं एक छोटं वेगळं इंजिन बसवलं, मोठं बंद ठेवून ते छोटं बॅटरी आणि हवा सांभाळतं, ते तासाला तीनेक लिटरवर भागवतं. तुमच्या क्वार्टरजवळ ते आधी आलं असतं तर तुमची झोप झाली असती.

आणि बंद करतानाही घाई नसते. जोरात पळवून आणलेलं इंजिन लगेच बंद केलं तर टर्बो तसाच गरगर फिरत राहतो आणि त्याच्या बेअरिंगला तेल मिळत नाही. म्हणून आधी काही मिनिटं आयडलला ठेवून मग बंद. इंजिन थांबल्यावरही टर्बोची बारीक होत जाणारी शीळ ऐकू यायची, तुम्हीही ऐकली असेल.

अल्को आणि ईएमडी यांत आवाजाचा एवढा फरक का? आणि अल्को एवढा धूर का सोडतं? आम्ही चार मित्र जळगाव स्टेशनवर दर रविवारी गाड्या बघायला जातो, आमच्यात यावरून रोज वाद.
— कॉलेज विद्यार्थी, जळगाव

तुमचा वाद ऐकायला मला बोलवा, मनापासून सांगतो. हा नाद ज्याला लागला त्याला दुसरं काही सांगायला लागत नाही. मीसुद्धा पोरवयात प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसून पास होणाऱ्या इंजिनांचे नंबर वहीत लिहायचो, घरून भाकरी बांधून न्यायचो. तेव्हा भुसावळच्या पुढे नागपूर आणि इटारसीकडे वरची विजेची वायर नव्हती, तिथून पुढे गाडी डिझेलच घेऊन जायचं, त्यामुळे भुसावळला इंजिन बदलताना बघायला मिळायचं, आणि तो वेळ म्हणजे माझा सण.

अल्को हे अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीचं डिझाईन. त्यातल्या डब्ल्यूडीएम-२ ची पहिली इंजिनं १९६२ मध्ये तिकडून आली, आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात ती आपल्याकडे बनायला लागली. ती मूळ कंपनी १९६९ मध्ये बंद पडली, पण आपण पुढे कित्येक वर्षं त्याच नमुन्यावर सुधारणा करत बनवत राहिलो, २६०० चे ३१०० हॉर्सपॉवर केले, ते डब्ल्यूडीएम-३ए. नंबर वाचायची युक्ती माहीत आहे ना, डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे माल आणि पॅसेंजर दोन्ही, ३ म्हणजे तीन हजार, ए म्हणजे वर शंभर. ईएमडी ही दुसरी अमेरिकन इंजिन कंपनी, तिची आत्ता दिसणारी नवी इंजिनं १९९९ पासून आली, ४००० हॉर्सपॉवरचं डब्ल्यूडीजी-४ वगैरे.

आता आवाज. अल्को चार स्ट्रोकचं, म्हणजे प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. ईएमडी दोन स्ट्रोकचं, प्रत्येक फेऱ्याला पेटतो, म्हणून त्याचा आवाज सलग, मोठ्या भुंग्यासारखा. अल्कोचं गणित करून बघा, ४०० आरपीएम, १६ सिलिंडर, म्हणजे मिनिटाला ३२०० वेळा पेटणं. पण आयडलला डिझेल इतकं थोडं मिळतं की सगळे सिलिंडर सारखे पेटत नाहीत, कोणी जोरात कोणी हलकं, आणि गव्हर्नर वेग सावरत राहतो, म्हणून तो चालीवर आल्यासारखा ढगढग-ढग, ढगढग-ढग ठेका येतो. कान तयार झाला की एखादा सिलिंडर मेलाय हेही त्या ठेक्यावरून कळतं. ते शिरपूरवाले खलाशी डोळे मिटून उभे राहायचे आणि म्हणायचे, "ऐक, इंजिन काय बोली ऱ्हायनं."

धुराचं असं, ड्रायव्हरने नॉच वाढवला की गव्हर्नर डिझेल लगेच वाढवतो, पण हवा देणारा टर्बो एक्झॉस्टच्या जोरावर फिरतो, त्याला वेग घ्यायला काही सेकंद लागतात. तेवढ्या वेळात डिझेल जास्त, हवा कमी, म्हणून काळा लोट. टर्बोने पकड घेतली की धूर साफ. ही अल्कोची सवय होती, बिघाड नाही. निळसर धूर दिसला तर ल्यूब ऑइल जळतंय, तो बिघाड. थंड इंजिन चालू करताना पांढुरका आला आणि थोड्या वेळात गेला तर काळजी नको, गेलाच नाही तर पाणी बघा. पोरांना काळा धूर आवडतो, मलाही बघायला आवडायचा, पण आत बसणाऱ्याच्या फुप्फुसाला तो आवडत नाही, तेवढं ध्यानात असू द्या.

आणि एक, मोबाईल घेऊन शूटिंग करताना पिवळ्या रेषेच्या मागे. रुळात उतरायचं नाही, वॅगनवर चढायचं तर मुळीच नाही, वर २५ हजार व्होल्ट आहेत आणि त्या वायरला हात लागावाच लागतो असं नाही, जवळ गेलं तरी ती ओढते. असं जळालेलं पोर मी बघितलंय. प्लॅटफॉर्म तिकीट काढा, बाकावर बसा, पोलिसांनी विचारलं तर नीट सांगा.

आमची पाचोरा-जामनेरची पीजे बंद झाली, तिच्या इंजिनाबद्दल लिहा. माझे आजोबा तिनेच बाजारला जायचे.
— वाचक, शेंदुर्णी

पीजेबद्दल लिहायला घेतलं की हात थांबत नाही. अडीच फुटी रूळ, छप्पन किलोमीटर, शंभर वर्षांची गाडी. तिच्या डिझेल इंजिनाचं नाव झेडडीएम, झेड म्हणजे अडीच फुटी नॅरोगेज. मोठ्या अल्कोपुढे ते खेळण्यासारखं दिसायचं, पण चालू करायची पद्धत तीच, तेल, पाणी, बॅटरी, मग बटन. पहूरच्या पुढे कपाशीच्या शेतांमधून ती अशी निवांत जायची की बांधावरचा माणूस आतल्याशी बोलू शकायचा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ती थांबली ती थांबलीच, आता तिची ब्रॉडगेज करून पुढे बोदवडपर्यंत न्यायचं काम आहे. मोठी गाडी येईल, वेळ वाचेल, शेतमाल थेट मेन लाईनला जाईल, ते चांगलंच आहे. पण तुमच्या आजोबांकडून त्या गाडीच्या गोष्टी आत्ताच लिहून घ्या, कोणत्या स्टेशनात किती वेळ थांबायची, डब्यात कोण बसायचं, तिकीट किती होतं. नंतर कोणाला विचारणार?

माझी मुलगी अकरावीला आहे आणि तिला इंजिनाचं वेड. म्हणते लोको पायलट होणार. नातेवाईक हसतात. मी काय करू?
— एक आई, चाळीसगाव

ताई, हसू द्या त्यांना. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८० च्या दशकाच्या शेवटी रेल्वेत लागल्या आणि आशियातल्या पहिल्या महिला ट्रेन ड्रायव्हर म्हणून सगळ्या देशाने त्यांचं नाव ऐकलं. आता मुली असिस्टंट लोको पायलट म्हणून बऱ्याच येतायत. रस्ता असा, दहावीनंतर फिटर, इलेक्ट्रिशियन, डिझेल मेकॅनिक अशा ट्रेडचा आयटीआय, नाहीतर इंजिनिअरिंगचा डिप्लोमा किंवा डिग्री, आणि मग रेल्वे भरती बोर्डाची परीक्षा. अकरावी सायन्सला असली तर बारावीनंतर डिप्लोमाला जाता येईल. सगळ्यात महत्त्वाचे डोळे, मेडिकल ए-वन लागतं, चष्म्याशिवाय लांबचं स्वच्छ दिसलं पाहिजे आणि रंग नीट ओळखता आले पाहिजेत. नंबर घालवायचं लेझर ऑपरेशन केलेलं असेल तर चालत नाही, म्हणून ते आधीच कोणाच्या सांगण्यावरून करून बसू नका. आजच एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊन तपासून घ्या, म्हणजे चार वर्षं मेहनत करून मग निराशा नको.

नोकरी कष्टाची आहे हे तिला लपवू नका. रात्री-बेरात्री बोलावणं, सणाला घरी नाही, मे महिन्यात आपल्याकडे ४५ अंशात कॅबमध्ये बसणं. इंजिनावर टॉयलेटची सोय नसणं हा बायकांसाठी मोठा त्रास राहिलाय, काही नवीन इंजिनांत ती करतायत, सगळ्यांत व्हायला हवी. हे सगळं ऐकूनही तिचे डोळे चमकत असतील तर तिला अडवू नका.

आता सगळीकडे वायर झाली. खान्देशात डिझेलचा आवाज ऐकायला कुठे जायचं?
— रेल्वेप्रेमी, भुसावळ

तुमच्या गावात तर इलेक्ट्रिकचंच राज्य, शेडही इलेक्ट्रिकचं आणि इंजिनांच्या मोठ्या दुरुस्तीचा कारखानाही इलेक्ट्रिकचा. सुरत लाईनही वायरची झाली, चाळीसगाव-धुळ्याला मेमू म्हणजे विजेवरची लोकलसारखी गाडी आली. त्यामुळे डिझेलची अख्खी एक्सप्रेस आता नशिबाने दिसेल. पण डिझेल संपलेलं नाही. वायर तुटली की वायरखालून कोण जाणार? ॲक्सिडेंट रिलीफ ट्रेन, १४० टनी क्रेन, ओव्हरहेड दुरुस्तीची टॉवर वॅगन, रूळ दाबणारी मशीन, हे सगळे डिझेलचेच. कुठे शंटिंगला कुठे साईडिंगला एखादं जुनं इंजिन दिसून जातं. बाहेरून आणलेल्या पहिल्या डब्ल्यूडीएम-२ इंजिनांपैकी एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात ठेवलंय, कधी गेलात तर बघा.

रावेर-सावद्याहून दिल्लीला केळीची गाडी सुटते ती ज्यांनी डिझेलच्या काळात बघितली त्यांना सांगतो, तो आवाज कोणाकडे कॅसेटवर रेकॉर्ड केलेला असेल तर तेवढं मोबाईलमध्ये उतरवून घ्या. माझ्याकडे एक आहे, २२ मिनिटांची. त्यात सुरुवातीला असिस्टंटची हाक आहे, मग फ्युएल पंपाचं घूंऽऽ, मग बटन. प्रेशर चढेपर्यंत कोणी बोलत नाही. ज्यांना पाहिजे त्यांनी संपादकांकडे पेन ड्राइव्ह देऊन ठेवा, भरून परत करतो.